व्हेरी, कम्प्लीटली की स्लाइटली? आधी विशेषण बघा

आपल्याकडे ‘लई’ कुठंही चालतं: रस्सा लई तिखट, पाणी लई गार, हॉल लई रिकामा. इंग्रजीत सगळीकडे खपणारा असा शब्द नाही. त्यामुळे चपलांची ऑनलाइन जाहिरात किंवा हॉटेलचं मेनूकार्ड इंग्रजीत लिहिताना आधी विशेषण बघायचं आणि त्याच्या अलीकडचा शब्द नंतर ठरवायचा.

पहिला प्रश्न असा की, त्या गुणाला शेवटचं टोक आहे का? ‘टॉल’, ‘स्पायसी’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ यांना नाही; कितीही महाग चप्पल घ्या, तिच्यापेक्षा महाग निघतेच. इथं ‘व्हेरी’ बसतं. ‘कम्प्लीटली एक्स्पेन्सिव्ह’ होत नाही, कारण पूर्ण व्हायला टोकच नाही. ‘फुल’, ‘एम्प्टी’, ‘क्लोज्ड’ यांना मात्र टोक आहे. म्हणून पुरात पंचगंगेची पातळी ‘व्हेरी हाय’, पण पाण्याखाली गेलेला रस्ता ‘कम्प्लीटली क्लोज्ड’. शंका आली तर ‘हाफ’ लावून बघा: ‘हाफ फुल’ जमतं, ‘हाफ टॉल’ जमत नाही.

‘ड्राय’ दोन्हीकडे चालतं आणि तिथंच विक्रेता फसतो. चामडं ‘कम्प्लीटली ड्राय’ म्हणजे ओल अजिबात उरलेली नाही. ‘व्हेरी ड्राय’ लिहिलं तर गिऱ्हाईक समजतं, कडक पडलंय, तडे जाणार.

‘स्लाइटली’ लागतं ते गुण जरासा असला तरी पुरतो तिथं: ‘वेट’, ‘बेंट’, ‘डर्टी’. ‘स्लाइटली एक्स्पेन्सिव्ह’ चुकीचं नाही, पण वाचणारा ‘हवं त्यापेक्षा थोडं महाग’ असंच घेतो. आपल्या मालाबद्दल कशाला लिहायचं?

‘टू’ तर सरळ तक्रारच. तांबडा रस्सा ‘व्हेरी स्पायसी’ हे वर्णन झालं. ‘टू स्पायसी’ म्हणजे खाववत नाही. कौतुकाचं ‘टू गुड’ आपल्या बोलण्यात रुळलंय, मेनूकार्डावर नको.

‘फ्रीझिंग’, ‘ह्यूज’, ‘डिलिशस’ यांच्यात ‘खूप’ आधीच मुरलेलं असतं. त्यांना ‘अ‍ॅब्सोल्युटली’ शोभतं. ‘व्हेरी फ्रीझिंग’ कानाला खटकतं. ‘बेटर’, ‘चीपर’ यांना ‘मच’. ‘व्हेरी बेटर’ कधीच नाही.

‘क्वाइट’ शक्यतो टाळावं. ‘क्वाइट गुड’ हे ब्रिटिश माणूस बऱ्याचदा ‘बरं आहे’ या अर्थानं म्हणतो, अमेरिकन माणसाला तेच ‘चांगलंच’ वाटतं. टोक असलेल्या शब्दाबरोबर, म्हणजे ‘क्वाइट एम्प्टी’ म्हटलं की अर्थ ‘पूर्ण रिकामं’कडे झुकतो. परदेशी गिऱ्हाइकाला दर्जा सांगताना एवढी जोखीम घेऊ नये.

राहिले आकडे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. ‘43 फीट हाय’ म्हणता येतं, ‘20 फीट लो’ येत नाही. तसंच ‘500 रुपीज एक्स्पेन्सिव्ह’ चूक; दुसऱ्या जोडाशी तुलना करायची असेल तर ‘500 रुपीज मोर एक्स्पेन्सिव्ह’, नुसती किंमत सांगायची तर ‘कॉस्ट्स 500 रुपीज’.