खिडकी की बल्ब? हिवाळ्यात घरीच फोटो काढायचे तर

डिसेंबरात आमच्या धुळ्याला उन्हाची कमी नसते, वेळेची असते. सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी सहा वाजायच्या आतच मावळतो. नोकरीवरून घरी यावं तर अंधार. मग भरीत, बिबडे, पापड घरून विकणाऱ्यांनी फोटो काढायचे कधी? मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत.

खिडकी फुकट आहे आणि रंगासाठी तिला तोड नाही. आपलं भरीत हिरव्या वांग्यांचं, बिनहळदीचं, फिकट पोपटी. उत्तरेच्या खिडकीपाशी ते तसंच दिसतं: भाजलेल्या सालीचे काळे कण, दाण्यांवरची तेलाची चमक, सगळं. दक्षिणेची खिडकी मात्र फसवी. २१ डिसेंबरच्या आसपास भरदुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन थेट ओट्यापर्यंत येतं आणि ताटावर गजांच्या सावल्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे जुनं पांढरं धोतर. ते खिडकीला ताणून बांधायचं आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करायचा. सावलीची बाजू लगेच उजळते.

दिवसा घरी कुणी नसेल, तर बल्बच. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि विचारलं, "हाई भरीत शे का माटी?" चूक माझीच. एका बाजूला पिवळा बल्ब, दुसरीकडे पांढरी ट्यूब. मोबाईलने कोणता रंग खरा धरायचा? आता १२ वॅटचा एकच एलईडी बल्ब, ६५०० केल्विनचा (म्हणजे पांढऱ्या उजेडाचा), आणि घरातले बाकी सगळे दिवे बंद. बल्बसमोर बटर पेपर धरायचा, मोठा आणि ताटाच्या जितका जवळ तितका बरा, कारण प्रकाशाचा पृष्ठभाग मोठा झाला की सावलीची कडा मऊ होते. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला बल्ब मिळाला तर चार पैसे जास्त मोजा. फोटोत आडवे पट्टे आले तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर बरेच स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

रिंग लाइट? चेहऱ्यासाठी ठीक. तेलकट भरितावर त्याचं गोल कडं उमटतं.

रविवार मोकळा असेल तर खिडकीच घ्या, आठवडाभराचे फोटो एका सकाळी होतात. रोज ताजा पदार्थ दाखवायचा असेल तर बल्ब, आणि लाइट जाण्याची तयारी ठेवून. कांद्याची पात मात्र फोटोच्या अगदी आधी टाका. गरम भरितावर ती पाच मिनिटांत मान टाकते.