सकाळची टिकटिक आणि ३८,५०० चं "हाफ इंजिन"

भो, ज्याच्या पिकअपला पहाटे चालू केल्यावर टिकटिक आवाज येतोय त्यानं गॅरेजला जायच्या आधी हे वाचा. हाफ इंजिनच्या (इंजिन खोलून आतले घासलेले पार्ट बदलायच्या) नावाखाली माझे ३८,५०० रुपये गेले आणि गाडी बारा दिवस उभी राहिली, ते पण ऐन केळीच्या कटाईत.

माझी गाडी रावेर-सावदा पट्ट्यात चालते, शेतातून कॅरेट भरायचे आणि रेल्वेच्या रेकला (मालगाडीला) नाहीतर पॅकिंगवाल्याकडे पोचवायचे. डिझेल गाडी आहे, नवी घेतल्यापासून इंजिन एकदाही उघडलेलं नव्हतं (हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे). संक्रांतीच्या आधी थंडी पडली तेव्हा पहाटे सेल्फ मारला की टिक टिक टिक सुरू, रेस वाढवली की आवाज पण भराभर, गाडी भरलेली असली की अजून जोरात, आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापलं की एकदम शांत. ऑइलची पट्टी काढून पाहिली, लेव्हल बरोबर. ऑइलचा दिवा पण लागत नव्हता.

हायवेवरच्या एका गॅरेजला गेलो. मी पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं, म्हणजे आवाज नव्हताच, तरी त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावला आणि म्हणाला, "बेरिंग वाजतंय भाऊ, असंच चालवलं तर भरल्या गाडीत रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल, हाफ इंजिन करावंच लागेल." (बेरिंग म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या क्रँकला धरणाऱ्या धातूच्या पातळ वाट्या, रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.) मी सांगितलं पण की आवाज फक्त थंड असताना येतो. त्यावर तो म्हणे सुरुवातीला असंच असतं. मी घाबरलो हो, गाडीचा हप्ता चालू आहे, घरात दुसरी कमाई नाही, ब्लॉक फुटला तर काय करणार. २०,००० ऑनलाइन टाकले, बाकीचे १८,५०० नंतर रोख दिले. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले, ना गॅरेजचं नाव ना जीएसटी नंबर.

दोन दिवसांनी बोलावून ट्रेमधले घासलेले बेरिंग दाखवले, तांबं उघडं पडलेलं, "पाहा, वेळेवर आणली म्हणून वाचली." मी घरी दाखवायला दोन फोटो काढले, एक पुढून आणि एक पाठीमागून. तेवढंच एक काम माझ्या हातून बरोबर झालं. जुने बेरिंग मागितले तर म्हणे भंगारात टाकतो, तुम्ही नेऊन काय करणार. आणि मी सोडून दिले.

गाडी मिळाली, चार दिवस आवाज नाही, पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा तीच टिकटिक.

मग फैजपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे गेलो, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांनी आवाज ऐकलाच नाही, म्हणाले गाडी रात्रभर इथंच ठेव, उद्या सहाला ये, मी आल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. सकाळी बॉनेट उघडलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा पाइप) हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसतो तिथं टॉर्च मारला तर तिसऱ्या सिलिंडरजवळ काळी काजळी, आणि एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा बोल्ट) तुटलेला. साबणाचं पाणी मारून गाडी चालू केली तर तिथंच भराभर बुडबुडे. इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या पार्टच्या) बुडाशी पण साबण मारून पाहिलं, कारण तिथून कॉम्प्रेशन लीक झालं तरी असाच आवाज येतो, पण ते कोरडं निघालं.

अप्पा म्हणाले, "तुले कोनी सांगलं बेरिंग गेलं म्हनून?" आणि मग मला पाच मिनिटांत समजावलं. मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधलं पॅकिंग फाटलं किंवा स्टड तुटला की थंड असताना फट राहते, प्रत्येक स्ट्रोकला गॅस त्यातून फटकन बाहेर पडतो तो आपल्याला टिक असा ऐकू येतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज जातो. बेरिंगचं उलटं असतं, इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, प्रेशर कमी होतं आणि आवाज वाढतो, आणि तो टिकटिक नसतो, खालून जड ठकठक येतो. म्हणजे मी पहिल्याच दिवशी जे त्या माणसाला सांगितलं होतं त्यातच उत्तर होतं.

मग त्यांनी गाडीखाली बोलावलं. बेरिंग बदलायचे तर ऑइलचा चेंबर (इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं) उतरवावाच लागतो. माझ्या चेंबरच्या बोल्टांवर जुना चिखल जसाच्या तसा बसलेला, कडेचा सील कंपनीचाच. कोणी हातच लावला नव्हता! मी मोबाईलमधले फोटो दाखवले, त्यांनी मोठे करून पाहिले, बेरिंगच्या पाठीवर ०.५० छापलेलं. क्रँक ग्राइंडिंग केल्यावर (घासून बारीक केल्यावर) जे जाड बेरिंग घालतात त्यावर ०.२५, ०.५० असं येतं, कधीच न उघडलेल्या इंजिनात ते निघूच शकत नाहीत. दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे बेरिंग दाखवून माझ्याकडून पैसे घेतले. अप्पांच्या मते त्यानं फक्त मॅनिफोल्डचे नट कसले असतील, म्हणून चार दिवस आवाज दबला. म्हणजे खरा फॉल्ट त्याला माहीत होता, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुटका स्टड ड्रिल मारून काढला, नवे स्टड, नवं पॅकिंग, मजुरी धरून २,२०० रुपये झाले. त्यानंतर आवाज नाही.

पुन्हा त्या गॅरेजला गेलो तर म्हणे बिल दाखवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथं पण पहिला प्रश्न बिलाचाच. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि स्वतः चालवून पोट भरतो म्हणून धंद्याची गाडी असली तरी चालतं असं कळलंय, तर आता अर्ज तयार करतोय. २०,००० ची एंट्री बँकेत आहे, चेंबरचे फोटो आहेत, अप्पा लिहून द्यायला तयार आहेत. रोख दिलेल्या १८,५०० चा मात्र काहीच पुरावा नाही. त्या गॅरेजला कोणाचं हाफ इंजिन झालं असेल तर आधी गाडीखाली जाऊन चेंबरचे बोल्ट पाहा, आणि चिखल तसाच असेल तर मला सांगा, दोघांनी मिळून तक्रार करू.