लक्ष्मीपुरीतला ऑफसेट छापखाना: चौकड्याच्या साड्यांचा कॅटलॉग

बारीक चौकड्याचं कापड छापायचं म्हटलं की मॉइरेची धास्ती असतेच; दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की कापडात नसलेल्या लाटा कागदावर उमटतात. कोल्हापुरातल्या या छापखान्याने स्क्रीनचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या जाळीचे, कोन चोख सांभाळलेत. सायन (आकाशी निळा) 15, काळा 45, मॅजेंटा (गडद गुलाबी) 75 अंशांवर, म्हणजे ठळक रंगांत 30 अंशांचं अंतर. पिवळा 90 वर. शेजाऱ्यांपासून 15च अंश, पण रंग फिका म्हणून खपतं. भिंगाखाली ठिपक्यांची फुलं स्वच्छ दिसतात, फार देखणं काम!

खटकलं एकच. जुन्या छापील पानाचा स्कॅन तसाच घेतला, त्यातले आधीचे ठिपके नव्या स्क्रीनशी भिडले आणि पदरावर लाटा आल्या. असा स्कॅन डीस्क्रीन करूनच, म्हणजे त्यातले जुने ठिपके पुसूनच द्या. मूळ फोटोतच लाटा असतील तर कॅमेरा थोडा मागेपुढे सरकवून फोटो पुन्हा काढा.