झहीर की श्रीनाथ? पार्क मैदानाच्या कट्ट्यावरचा वाद

सोलापुरात पार्क मैदानाबाहेर चहा घेताना भारताचा भारी वेगवान गोलंदाज कोण, यावर झहीर खानचं नाव निघालं की वाद संपतो. श्रीरामपूरचा पोरगा, 2011 च्या विश्वचषकात 21 बळी, अजून काय पाहिजे? मी मात्र दरवेळी जवागल श्रीनाथला मध्ये आणतो आणि शिव्या खातो.

आकडे बघा की. झहीर 92 कसोटी, 311 बळी, सरासरी जवळपास 33. श्रीनाथ 67 कसोटी, 236 बळी, सरासरी साडेतीसच्या आसपास. म्हणजे एका बळीमागे श्रीनाथनं कमी धावा दिल्या. 1999 ला कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध त्यानं एका डावात 86 धावांत 8 जणांना बाद केलं, पण सामना आपण हरलो. हरलेल्या सामन्यातली मेहनत कोण लक्षात ठेवतंय?

झहीरचं उलट. 2007 मध्ये इंग्लंडविरुद्ध ट्रेंट ब्रिजला सामन्यात 9 बळी, कसोटी जिंकली, मालिकाही आपली. जुना चेंडू हातात लपवत रिव्हर्स करणं (म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला वळवणं), डावखुऱ्यांना राउंड द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूनं येऊन छळणं, ही अक्कल सरासरीत दिसत नाही. 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र दोघांनाही सारखाच मार पडला: श्रीनाथ 10 षटकांत 87, झहीर 7 षटकांत 67, बळी शून्य. फरक एवढाच, श्रीनाथ तिथंच थांबला, झहीरला आठ वर्षांनी परतफेडीची संधी मिळाली.

तरी झहीरचा लौकिक फुकटचा नाही, हे मला कबूल. श्रीनाथचा कमी पडला, एवढीच माझी तक्रार.