नवं कार्ड बसवलं आणि पीसी सुरूच होईना: एसएमपीएस बदलावा की कार्ड?

ग्राफिक्स कार्ड बदललं, बटण दाबलं आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी नागपुरात बर्डीवरच्या दुकानांत दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदला, हा या कार्डाला पुरणार नाही. दुसरा म्हणजे हे कार्ड परत करा आणि वेगळी पॉवर केबल न लागणारं छोटं कार्ड घ्या. दोन्ही सल्ले आपापल्या जागी रास्त आहेत. मी एसएमपीएस बदलला आणि आजही तेच करीन. पण सगळ्यांनी तेच करावं असं नाही.

आधी दोष पॉवरचाच आहे ना, ते बघून घ्या. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, पुन्हा फिरून पुन्हा थांबत असतील, तर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय असं समजायला हरकत नाही. पंखे नीट फिरतायत, मदरबोर्डवरचा व्हीजीएचा (ग्राफिक्स कार्डातला दोष दाखवणारा) दिवा लागून राहिलाय किंवा एक लांब-दोन छोट्या बीप येतायत, तर संशय आधी कार्डाच्या बसणुकीवर घ्या. स्लॉटची खिट्टी 'टक' वाजेपर्यंत कार्ड दाबा. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय ना, ते बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला राहून जाणं फार नेहमीचं आहे. कार्डाची ८ पिनची केबल म्हणजे ६+२ अशी विभागलेली, पीसीआय-ई लिहिलेली. ४+४ अशी विभागलेली केबल प्रोसेसरची असते. ती कार्डात जोर लावून घालू नका, दोन्हींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात.

मग कार्ड काढा आणि ऑनबोर्ड डिस्प्लेवर पीसी सुरू करून बघा. (प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर ऑनबोर्ड डिस्प्ले मिळणार नाही, जुनं कार्डच परत लावावं लागेल.) सुरू झाला तर त्याच बैठकीत बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या आणि त्यातला सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, बंद करा, म्हणजे बूट शुद्ध यूईएफआयवर, नव्या पद्धतीवर, येईल. त्याआधी विंडोजच्या डिस्कची विभागणी नव्या जीपीटी पद्धतीची आहे ना ते तपासा, जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज बूट होणार नाही. आरटीएक्स ५०६० मालिकेत काही मदरबोर्डांवर रीबूटनंतर पडदा काळा राहत होता आणि त्यासाठी एनव्हिडियाने २०२५ मध्ये फर्मवेअर अपडेट दिलं. तुमची अडचण त्या जातीची असेल तर दोन्हीपैकी काहीच विकत घ्यायची गरज नाही.

एवढं करूनही कार्ड लावलं की पीसी बंद, काढलं की चालू, असंच होत असेल तर एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतलं '४५० वॉट' सोडा, +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्यांना १२ ने गुणा. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे १४-१६ अँपिअर दिसतात, म्हणजे जेमतेम १६८ ते १९२ वॉट. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट घेतं आणि ६५ वॉटचा म्हणवणारा प्रोसेसर टर्बोत (वेग वाढवून चालताना) सहज १०० च्या आसपास जातो. ४०६० चे ११५ वॉट धरले तरी बेरीज २०० च्या वर जाते. शिवाय कार्डाची ओढ सरळ रेषेत नसते, क्षणाच्या अगदी छोट्या भागात ती कितीतरी वर उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली ती यामुळेच.

आता छोट्या कार्डाची बाजू. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॉटमध्ये भागवतं. लावलं की चालतं, कॅबिनेट थंड राहतं आणि ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवरही ताण येत नाही. हा मुद्दा लहान नाही. ते यूपीएस बहुतेक ३६० वॉटचेच असतात. मोठं कार्ड गेममध्ये असताना लाइट गेली तर यूपीएस शिट्टी मारून बसू शकतो. आरएक्स ६४०० मात्र जुन्या बोर्डासाठी मी सुचवणार नाही. ते मदरबोर्डशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या पीसीआय-ई ३.० स्लॉटवर मागे पडतं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ रेकॉर्ड करायला लागणारा भाग) नाही. परतीचा प्रश्न वेगळाच. खोका उघडलेलं कार्ड पूर्ण पैशांत परत घेणारा दुकानदार क्वचित भेटतो, बहुधा काहीतरी कापूनच अदलाबदल होते. तो तोटा हिशेबात धरा.

तरीही माझा कौल एसएमपीएसकडे का गेला, त्याचं कारण एकच. छोटं कार्ड लावलं की पीसी सुरू होतो, पण दुबळा एसएमपीएस आतच राहतो. पुढे कधी रेंडर चालू असताना पीसी अचानक रीस्टार्ट झाला, तर तो रॅममुळे झाला, विंडोजमुळे, ड्रायव्हरमुळे की पॉवरमुळे, काही कळत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद सापडते. ती फक्त सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं, ते सांगत नाही. मग रॅम अदलाबदल करा, विंडोज नव्याने टाका, ड्रायव्हर पुसा, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. ही कटकट पैशांपेक्षा महाग पडते असं माझं मत आहे. चांगला एसएमपीएस आला की निदान एक संशयित यादीतून कायमचा जातो. आणि कार्डं दोनदा बदलली तरी तो तोच राहतो.

नागपुरात हे जास्त टोचतं. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीतली हवाच ४० च्या पुढे असते. एसएमपीएस किती तापमानाला पूर्ण वॉट देतो हे चांगले उत्पादक लिहितात, ४० किंवा ५० अंश. जो लिहीत नाही त्याच्या वॉटवर मे महिन्यात फार विसंबू नये. (आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलावा आणि धूळ मिळून पंख्यावर चिखल साचतो.)

मधला रस्ता म्हणून कन्व्हर्टर केबल हाती ठेवली जाते. साटा प्लगवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) ८ पिन करणारी अजिबात नको. साटाच्या प्लगमधून १२ व्होल्टवर ५४ वॉटच यावेत आणि ८ पिनचं कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. पीसी सुरू होईलही, पण प्लग वितळतो. दोन मोलेक्सवाली (जुने चार पिनांचे मोठे प्लग) त्यापेक्षा बरी, पण एसएमपीएस तोच दुबळा राहिला तर उपयोग काय?

एका ठिकाणी मात्र मी निःशंक छोट्या कार्डाच्या बाजूने आहे: डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप. त्यांच्यापैकी पुष्कळांत मदरबोर्डला २४ पिनचा कनेक्टरच नसतो आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो, बाजारातला साधा एटीएक्स बसत नाही. तिथे ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल घ्या, आणि कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचंच मागा.

बाकीच्यांनी ३०६० किंवा ४०६० साठी ५५० वॉट घ्यावा. दोन्हींना एनव्हिडियाची शिफारस तेवढीच आहे. पुढचं कार्ड मोठं घ्यायचं मनात असेल तर ६५०. एसएमपीएसवरचा ब्राँझचा शिक्का म्हणजे वीज कमी वाया जाते, एवढंच. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरून बांधा, पाच वर्षं मिळत असतील तर चार-पाचशे जास्त द्यायला हरकत नाही. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या सगळ्या केबल कॅबिनेटमधून काढून टाका. प्लग सारखे दिसले तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या केबलने पहिल्यांदा जाते ती हार्ड डिस्क.