नमाजचं ॲप: घड्याळ उत्तम, पण हजेरीपुस्तक नको

नमाजच्या वेळा दाखवणारं ॲप आता बहुतेक मुसलमान घरांत एखाद्या तरी फोनवर असतंच. ‘मुस्लिम प्रो’ सगळ्यांत माहितीतलं. त्याच्यासारखी आणखी बरीच आहेत आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच: पाच वेळा, बांगेचा (अजानचा) आवाज, किब्ल्याचं म्हणजे काबाची दिशा दाखवणारं होकायंत्र, कुराण, जकातीचा (सक्तीच्या दानाचा) हिशेब आणि अलीकडे रोजच्या नमाजची हजेरी. म्हणून हा रिव्ह्यू एकाच ॲपचा नाही, या जातीच्या सगळ्याच ॲपचा आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर घड्याळाला साडेचार, होकायंत्राला तीन, जकातीला अडीच आणि हजेरीला एक. तो एकही सढळ हाताने.

घड्याळाचे साडेचार गुणसुद्धा सेटिंग नीट केलं तरच. ॲप टाकलं की आपोआप वेळा दिसतात आणि लोक त्यावर विसंबतात, इथेच घोळ होतो. फजर (पहाटेची नमाज) आणि इशाची (रात्रीच्या नमाजची) वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर आहे यावरून काढतात आणि त्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कराची पद्धतीत दोन्हीसाठी १८ अंश, मुस्लिम वर्ल्ड लीगमध्ये १८ आणि १७, उत्तर अमेरिकेच्या इस्नामध्ये १५ आणि १५. सौदीच्या उम्मुल-कुरामध्ये फजर १८.५ अंशांवर आणि इशा मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) ठरावीक ९० मिनिटांनी. भारतात कराची पद्धत लावा. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे साधारण सव्वाचार ते साडेचार मिनिटं. त्यामुळे चुकून इस्ना राहिलं तर फजर १३-१४ मिनिटं उशिरा दिसते. एरवी खपून जाईल, पण रमजानात सहेरी त्या वेळेपर्यंत चालू ठेवली तर कराचीच्या हिशेबाने फजर लागल्यावरही तुम्ही जेवताय आणि रोजाच धोक्यात येतो. आखातातून सुट्टीवर आलेल्यांच्या फोनवर उलटा प्रकार दिसतो. तिथे हाताने लावलेलं उम्मुल-कुरा तसंच राहतं आणि इशा दहा-पंधरा मिनिटं उशिरा दाखवत बसतं.

दुसरं सेटिंग असरचं (दुपार उतरतानाच्या नमाजचं), आणि महाराष्ट्रात ते सगळ्यांत महत्त्वाचं. कोकणी मुसलमान शाफई (सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक, हनफी हा दुसरा). देशावर, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात बहुतेक हनफी. शाफई हिशेबात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की असर लागते. हनफी हिशेबात दुप्पट झाल्यावर. मुंबईत हा फरक डिसेंबरात पाऊण तासाचा, तर मे-जूनमध्ये सव्वा तासाचा असतो. ॲपमध्ये ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं असतं ते शाफई, मालिकी आणि हंबली पद्धतीचं. ‘हनफी’ वेगळं निवडावं लागतं. औरंगाबादच्या हनफी घरात स्टँडर्ड राहिलं तर बांग वाजते, पण मोहल्ल्याच्या मशिदीत अजून तासभर हालचाल नसते. रत्नागिरीत उलट झालं तर जमात (सामूहिक नमाज) होऊन गेल्यावर फोन जागा होतो. शियांसाठी ‘जाफरी’ हा वेगळा पर्याय आहे. त्यात मगरिब सूर्यास्तानंतर बारा-पंधरा मिनिटांनी येते.

एवढं करूनही मशिदीच्या टाइमटेबलशी दोन-पाच मिनिटांचा फरक राहतो. तक्ता करणारे एहतियात (खबरदारी) म्हणून काही मिनिटं धरतात, ॲप ती धरत नाही. बहुतेक ॲपमध्ये प्रत्येक नमाजला मिनिटं कमी-जास्त करायची सोय आहे. एकदा मशिदीचा तक्ता समोर ठेवून जुळवून घ्या, आणि इफ्तारला तरी फोनपेक्षा मशिदीची बांग मोठी माना. शिवाय ॲप फक्त वेळ लागल्याचं सांगतं. जमात किती वाजता उभी राहणार हे त्याला ठाऊक नसतं, ते मशिदीच्या फळ्यावरच वाचायचं.

बांग वाजलीच नाही ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेकदा फोनचा असतो. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवून टाकतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ची परवानगी द्या. आयफोनवर सूचनेचा आवाज ३० सेकंदांवर जात नाही, त्यामुळे तिथे अर्धवट बांग ऐकू आली तर ॲपला बोल लावू नका.

लोकेशनबद्दल जरा कडक बोलायला हवं. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘मदरबोर्ड’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने बातमी दिली की मुस्लिम प्रो वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. मुस्लिम प्रोने लष्कराला माहिती विकल्याचा आरोप नाकारला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पण मुळात नमाजच्या वेळेसाठी तुमची गल्ली कळायची गरजच नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं लागतात, मुंबई-पुण्यात एवढाच फरक. मुंबई-नागपुरात तो साधारण पंचवीस मिनिटांचा. शहराचं नाव हाताने टाका आणि लोकेशन बंद ठेवा. फार तर ‘अंदाजे’ ठिकाणाची परवानगी द्या. कोणत्याही ॲपला याहून जास्त देऊ नये.

होकायंत्राला तीनच गुण, कारण फोनमधला चुंबकीय सेन्सर सहज फसतो. चुंबकाचं कव्हर, लोखंडी कॉट, गाडीचा पत्रा, स्लॅबमधल्या सळ्या, काहीही पुरतं. कव्हर काढा, फोन इंग्रजी आठाच्या आकारात हवेत फिरवा, खोलीत दोन-तीन जागी पाहा. काटा जागेगणिक हलत असेल तर त्या खोलीत त्याचं ऐकू नका. आकडा पाठ असलेला बरा: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर मुंबईहून किब्ला साधारण २८० अंशांवर, रत्नागिरीहून २८३, नागपूरहून २७८. म्हणजे पश्चिमेपासून थोडं उत्तरेकडे. खात्री करायची तर २७-२८ मे रोजी दुपारी २.४८ला आणि १५-१६ जुलैला २.५७ला सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी सूर्याकडे तोंड म्हणजे किब्ल्याकडे तोंड. कोकणात जुलैची तारीख सोडूनच द्या, ढगांपुढे कुणाचं चालत नाही. आणि पाच-सात अंशांनी चुकलात म्हणून घाबरू नका. लांबच्या माणसाने काबाची दिशा धरली की पुरे असं हनफी फिकह (धर्मशास्त्र) सांगतो, आणि त्यात दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत सवलत आहे.

याच किब्ल्यावरून कुराणात एक आयत आहे (२:१७७). तोंड पूर्वेला की पश्चिमेला यात नेकी नाही, असं ती बजावते. अल्लाहवर, आखिरतवर (परलोकावर), फरिश्त्यांवर, किताबांवर, नबींवर ईमान. जीव जडलेल्या मालातून नातेवाईक, यतीम (अनाथ), गरजू, मुसाफिर यांना देणं. नमाज आणि जकात. दिलेला शब्द पाळणं. तंगीत आणि संकटात सबर. खरे लोक तेच, असं म्हणून ती संपते. या यादीतलं किती फोनला मोजता येतं? नमाजची वेळ आणि जकातीचा आकडा, बस्स. म्हणूनच ‘हजेरी’ नावाचं सदर खटकतं. पाच खुणा केल्या की हिरवं वर्तुळ, सलग तीस दिवस झाले की बिल्ला, वर मित्रांना पाठवायचं बटण. दाखवण्यासाठी केलेली इबादत म्हणजे रिया, आणि सूरह माऊनमध्ये (१०७) धिक्कार नमाज न पढणाऱ्यांचा नाही. पढतात पण गाफील असतात, दिखावा करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू देत नाहीत, त्यांचा आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या हदीसे-जिब्रीलमध्ये दीनचे तीन थर सांगितलेत: इस्लाम म्हणजे कलमा, नमाज, जकात, रोजा, हज ही कृती, ईमान म्हणजे विश्वास, आणि एहसान म्हणजे अल्लाहला पाहत असल्यासारखी इबादत, कारण तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच. ॲपचा हात पहिल्या थराच्या पुढे पोचत नाही, आणि बिल्ला मात्र तिन्हींचा असल्यासारखा देतं.

हजेरी व्यवहारातही चुकते. पाळीच्या दिवसांत बाईवर नमाज नाही आणि नंतर कजाही (राहिलेली नमाज भरून काढणंही) नाही, पण ‘थांबवा’ची सोय नसलेल्या ॲपमध्ये तिची साखळी तुटते. प्रवासात चार रकातींच्या (नमाजच्या आवर्तनांच्या) दोन होतात, आणि शाफई माणूस जोहर (दुपारची नमाज)-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढू शकतो. ॲप त्यावर ‘उशीर’ लिहितं. हे सदर बंद करता येत असेल तर करा. कजा नमाज मोजायच्या असतील तर साधी वही पुरते, तिला शेअरचं बटण नसतं.

जकातीचा कॅल्क्युलेटर त्यापेक्षा कामाचा, पण त्याला प्रश्न कमी पडतात. हनफी निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. निसाबाइतका माल असेल, एक चांद्रवर्ष गेलं असेल, तर अडीच टक्के. ४ लाखांवर १०,००० रुपये. ॲप सोन्याचा निसाब धरतं की चांदीचा ते आधी बघा. चांदीचा धरला तर बेताची बचत असलेलं कुटुंबही जकात देणारं ठरतं, आणि हनफी उलेमा रोख रकमेसाठी बहुधा तोच धरायला सांगतात. २२ कॅरेटच्या दागिन्याला २४चा भाव लागलेला नाही ना, घडणावळ मिळवलेली नाही ना, हे तपासा. बायकांच्या वापरातल्या दागिन्यांवर हनफींत जकात आहे, शाफईंत रिवाजाइतक्या दागिन्यांवर नाही. कित्येक कॅल्क्युलेटर हा प्रश्न विचारतच नाहीत, त्यामुळे कोकणी घराचा आकडा फुगतो. ३१ मार्चचा हिशेब धरून इंग्रजी वर्षावर देणार असाल तर दर २.५ नाही, २.५७७ टक्के, सौर वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मोठं असतं म्हणून.

राहिली हिजरी तारीख. ती बहुतेक ॲपमध्ये सौदीच्या गणितावर चालते आणि आपल्याकडे चांद बहुधा एक दिवस मागे असतो. सेटिंगमध्ये वजा एक करून ठेवा, पण रमजान आणि ईदचा चांद मात्र चांद दिसल्याचं जाहीर करणाऱ्या तुमच्या शहराच्या हिलाल कमिटीकडूनच घ्या.