जपानी ग्रंथालयाचे दहा महिने: वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, एन-४ पातळीचा (सर्वांत सोपी एन-५, तिच्या वरची ही) निकाल आला, तेव्हा मला १८० पैकी ८१ गुण मिळाले होते. उत्तीर्ण होण्यासाठी ९० लागतात. श्रवणाचे गुण बरे होते, व्याकरणही अगदीच कच्चे नव्हते, पण वाचनाच्या शेवटच्या दोन उताऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच वेळ संपली होती. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करताना आराखड्यांवरच्या जपानी सूचना स्वतः वाचता याव्यात म्हणून वयाच्या ३८ व्या वर्षी मी ही भाषा हाती घेतली होती, आणि ती सोडून द्यावी असे त्या दिवशी प्रथमच मनात आले. माझ्याबरोबर एन-५ च्या वर्गात २२ जण होते, एन-४ ला ९ उरले होते. गळणाऱ्यांमध्ये पुढचे नाव माझेच लागले असते.

सप्टेंबरमध्ये मी पुण्यातील जपानी पुस्तकांच्या एका छोट्या ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरली. हा अभिप्राय त्या ग्रंथालयाविषयी आहे आणि त्याहून अधिक तेथील ग्रंथपाल मॅडमविषयी आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या या एकाच संस्थेपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी एन-४ च्या सरावपुस्तकांचे कपाट कुठे आहे असे विचारले. मॅडमनी ते दाखवले, पण त्याआधी शेजारच्या मांडणीतले एक पातळ पुस्तक काढून माझ्या हातात दिले आणि उभ्याउभ्याच एक पान मनात वाचायला सांगितले. मी ओळीखालून बोट फिरवत वाचू लागले. पान संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं बोट पाच ठिकाणी थांबलं. हे आज नको, याच्या खालचं घ्या." खालच्या पातळीचे पुस्तक जेमतेम १६ पानांचे होते, प्रत्येक पानावर चित्र आणि दोन-तीन ओळी. एन-४ ची परीक्षा दिलेल्या माणसाला हे थोडे अपमानास्पद वाटते, मलाही वाटले. परंतु घरी पोहोचेपर्यंत, बसमध्येच, ते पुस्तक वाचून संपले होते. परकीय भाषेतले एक अख्खे पुस्तक, कोणालाही काही न विचारता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

या पद्धतीला जपानीत 'तादोकु' म्हणतात, म्हणजे पुष्कळ वाचणे. तिचे नियम चारच आहेत: अगदी सोप्यापासून सुरुवात करावी, शब्दकोश उघडू नये, न कळलेला भाग ओलांडून पुढे जावे, आणि पुस्तक जमत नसेल तर ते सोडून दुसरे घ्यावे. वाचायला हे सोपे वाटते, पण आपल्या शाळेत वाढलेल्या माणसाला शेवटचे दोन नियम पाळणे फार जड जाते. घेतलेले पुस्तक अर्धवट टाकणे म्हणजे आपला पराभव, हे आपल्या अंगात मुरलेले असते. येथे ग्रंथपालाचे काम सुरू होते. शिक्षक धडा सोडायला सांगू शकत नाही, कारण त्याच्यामागे अभ्यासक्रम असतो. ग्रंथपालाच्या मागे असा कोणताही धडा नसतो, म्हणून "नाही आवडलं? ठेवा परत" हे वाक्य त्याच्या तोंडून खरे वाटते. पहिल्या दोन महिन्यांत मी ७ पुस्तके अर्धवट परत केली, आणि त्या प्रत्येक वेळी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कुठे थांबलात?" माझे उत्तर ऐकून त्या पुढचे पुस्तक निवडत. मला भूतकथांचा कंटाळा आहे आणि रेल्वे, खाद्यपदार्थ, जुने कारागीर यांविषयी कितीही वाचायला आवडते, हे त्यांना माझ्या शिक्षकांपेक्षा आधी कळले.

मुलांच्या चित्रपुस्तकांविषयी त्यांनी दिलेला इशारा मात्र मी आधी मानला नव्हता. लहान मुलांसाठी लिहिलेले ते सोपेच असणार, असा माझा समज होता. प्रत्यक्षात या पुस्तकांत बहुधा सगळे हिरागानात, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत असते, त्यामुळे कांजीवरून, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या चिनी अक्षरांवरून, अर्थाचा अंदाज बांधता येत नाही, आणि आवाजाचे व हालचालींचे अनुकरण करणारे शब्द पानोपानी येतात. 'खळखळ', 'लुकलुक', 'गपकन' हे शब्द मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाहीत, पण मराठी शिकायला बसलेल्या परक्या माणसाची तेथेच दमछाक होईल. तसेच हे आहे. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम पातळ्या पाडून लिहिलेली पुस्तके वेगळी असतात, आणि हा फरक ग्रंथपालाने पहिल्याच दिवशी सांगितला तर कित्येकांचा उत्साह वाचेल.

दुसरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. जपानी शब्दकोशात शब्द शोधताना मी दरवेळी चाचपडत असे. मॅडमनी एका कागदावर वरच्या ओळीत जपानी शब्दकोशाच्या क्रमाने का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असे लिहिले आणि त्याखाली आपले क, च, त, न, प, म, य, र, व लिहिले. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी येतो, आणि 'हा' प-वर्गाच्या जागी, कारण प्राचीन जपानीत तो उच्चार 'प' होता. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला. ज्या भाषेत मी दीड वर्ष स्वतःला उपरी समजत होते, तिच्या शब्दकोशाचा कणा मला पहिलीपासून पाठ होता! तो कागद अजून माझ्या शब्दकोशात आहे. वर्गात हे कोणी सांगितले नव्हते. सांगायला वेळही नसतो, हेही खरे.

प्रत्येक पातळीपुस्तकाच्या मागे, तारखेच्या चिठ्ठीखाली, मॅडमनी आणखी एक कोरी चिठ्ठी चिकटवली आहे. पुस्तक परत करताना वाचकाने तिच्यावर एक ओळ लिहायची, मराठीत किंवा जपानीत, नाव न घालता. "पान ९ वर थांबू नका, पुढे आपोआप कळते", "आजीचा संवाद मोठ्याने वाचा" अशा त्या ओळी आहेत. मी अडले असताना माझ्याआधी कोणीतरी त्याच पान ९ वर अडले होते आणि तरीही पार गेले होते, हे कळण्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा अधिक झाला. जानेवारीत मी स्वतः एक ओळ जपानीत लिहिली, आणि मार्चमध्ये तिच्याखाली कोणीतरी "खरंच!" असे जपानीतच लिहिलेले पाहिले.

महिन्यातून एका शनिवारी 'कामिशिबाई' असते. लाकडी चौकटीत चित्रांचे मोठे पुठ्ठे एकेक करून सरकवत गोष्ट सांगायची, आणि वाचणाऱ्यासाठीचा मजकूर पुठ्ठ्याच्या मागे असतो. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर छापलेला असतो, कारण सगळ्यांत मागे तोच येतो. १९३० च्या दशकात जपानच्या गल्ल्यांतून सायकलवर गोळ्या विकणारे लोक अशा गोष्टी सांगत. फेब्रुवारीत मॅडमनी मला चौकटीमागे उभे केले. समोर १२ जण होते. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे सलग मोठ्याने जपानी बोलण्याचा प्रसंग तोवर माझ्यावर आला नव्हता. चौकटीमुळे चेहरा अर्धा झाकला जातो आणि लोकांचे डोळे चित्रावर असतात, म्हणून लाजऱ्या माणसाला याहून सोयीचे व्यासपीठ नाही.

आता त्रुटी. ग्रंथालय सकाळी १० ते सायंकाळी ६ उघडे असते आणि रविवारी बंद असते. म्हणजे नोकरी करणाऱ्याला फक्त शनिवार उरतो, तोही कामाची पाळी नसेल तर. संगणकावरील तालिकेत शीर्षके रोमन लिपीत आहेत आणि दीर्घ 'ओ' तीन प्रकारे लिहिला आहे, त्यामुळे कपाटात असलेले पुस्तक शोधयादीत सापडत नाही. सरावपुस्तकांच्या १४-१४ प्रती आहेत आणि पातळीपुस्तकांची प्रत्येकी एकच, कारण खरेदी मागणीपत्रावरून होते आणि मागणीपत्र वर्गांकडून येते. एन-४ आणि एन-३ यांच्या मधल्या पातळीची पुस्तके इतकी थोडी आहेत की मे महिन्यापर्यंत माझी ती सगळी वाचून झाली.

सर्वांत मोठी अडचण अशी की हे सारे एका व्यक्तीवर उभे आहे, आणि तीही कंत्राटी नेमणुकीवर. मार्चमध्ये मॅडम तीन आठवडे रजेवर होत्या. काउंटरवरचे गृहस्थ सौजन्याने वागत, शिक्का मारत आणि पुस्तक देत. माझ्या नोंदवहीत इतर महिन्यांत आठवड्याला दोन ते तीन पुस्तके आहेत. त्या तीन आठवड्यांत मिळून एक आहे. पुस्तके तीच होती, वर्गणीही तीच होती. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे दोन स्वतंत्र नियम का आहेत, ते मला त्या तीन आठवड्यांत समजले. वाचक आणि पुस्तक एकाच खोलीत असूनही कोणीतरी गाठ घालून द्यावी लागते, आणि ज्या संस्था हे काम शिक्का मारण्याइतकेच समजतात त्या विद्यार्थी का गळतात याचे कारण भलतीकडेच शोधत राहतात.

मॅडमशी माझा एक मतभेद अजून आहे. शब्दकोशाबाबत त्या फारच कडक आहेत. माझ्या मते पुस्तक एकदा संपल्यावर, मनात रुतलेले दोन-तीन शब्द पाहण्यात काही बिघडत नाही. किंबहुना असे पाहिलेले शब्द मला जास्त टिकले. ४०० अक्षरांच्या मजकुराला सप्टेंबरमध्ये मला ११ मिनिटे लागत होती, आता ४ लागतात, आणि यात दोघींच्याही पद्धतीचा वाटा आहे असे मी समजते.

डिसेंबरची परीक्षा मी मुद्दाम दिली नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी एन-४ पुन्हा दिली. निकाल यायचा आहे, पण या वेळी सगळे उतारे वाचून झाले आणि शेवटी सहा मिनिटे हातात उरली. दुसऱ्या दिवशी पाळी दुपारची होती, म्हणून सकाळी १० वाजताच ग्रंथालयात गेले. पेपर कसा गेला हे मॅडमनी विचारले नाही. लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका कारागिरावरचे ४० पानांचे पुस्तक त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. त्याच्या मागची चिठ्ठी अजून कोरी आहे.